जाळं विणतो, पण होडीत चढत नाही

वाचकाचं पत्र

मी मालवण तालुक्यातला, किनाऱ्यावरच्या गावातला. वय ५७. पस्तीस वर्षं दर्यात काढली, त्यातली वीस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या म्हणून. मुलगा २४ वर्षांचा. सोळाव्या वर्षापासून माझ्याबरोबर येत होता, हात चांगला होता. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात रात्री वाऱ्याने गाठलं. जाळं ओढताना तो पाण्यात पडला. त्या रात्री निघायचं मीच ठरवलं होतं, आभाळ तसं बरं नव्हतं. अंधारात पंधरा-वीस मिनिटांनी तो सापडला. अंगाला काही लागलं नव्हतं. नंतर दोनदा आला, तिसऱ्यांदा धक्क्यावरून परत फिरला. तेव्हापासून होडीत पाय ठेवलेला नाही. निघायची वेळ झाली की पोटात दुखतं म्हणतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत मात्र ठणठणीत असतो, दिवसभर जाळी विणतो, हसतो-बोलतो. नारळी पौर्णिमा जवळ आली की पुन्हा तेच. रात्री कधी कधी ओरडत उठतो. हल्ली संध्याकाळी तोंडाला वास येतो. वाडीत लोक म्हणतात, "तांडेलाचो झील दर्याक भियाता." मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. नवा मोबाईल देतो म्हणून बघितलं, चार माणसांत लाज काढून बघितली. माझा भाऊ म्हणतो, "उचलून होडयेत घाल, भीती आपसूक जातली." घरच्यांनी देवीकडे गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे अजून रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, तिथेही तो येत नाही. हा आळस आहे, भीती आहे, की बाहेरचं काही? मी त्याच्याशी काय बोलू?

सल्ला

तांडेल, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तुमच्याच पत्रातल्या खुणा बघता हा आळस नाही, भीती आहे. आणि ही खूण तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे. १ जून ते ३१ जुलै, बंदीचे दोन महिने, तो दिवसभर मान खाली घालून जाळी विणतो. आळशी माणसाला जाळं विणायला बसवून बघा, तासाभरात उठून जाईल. फाटलेला एकेक डोळा शोधून सांधायचा म्हणजे कमरेचा आणि नजरेचा घाम निघतो. ते काम तो आनंदाने करतो, कारण त्या दोन महिन्यांत त्याला कोणी दर्यात चल म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नारळ दर्याला अर्पण व्हायची वेळ आली की पोट दुखायला लागतं. ते पोट खरंच दुखतं, तांडेल. भीतीने आतडी पिळवटतात, हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते. तो सोंग करत नाही.

मग तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला हे दोन वर्षं दिसलं कसं नाही? यात तुमचा वेगळा असा काही दोष नाही. दुसरा माणूस कसा वागतो ते आपल्याला दिसतं, तो कुठल्या परिस्थितीत उभा आहे ते दिसत नाही, म्हणून आपण वागण्यावरून थेट स्वभाव ठरवून मोकळे होतो. अमेरिकेत एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोघांनी याचा एक साधा प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना निबंध वाचायला दिले, काही क्युबाचा राज्यकर्ता कॅस्ट्रो याच्या बाजूचे, काही विरोधातले. वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं की लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, सांगितली ती बाजू त्याने मांडली. तरीही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार त्याच बाजूचा असणार. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या चुकीला गुणारोपणातली मूलभूत चूक असं नाव दिलं. शब्द जड आहे, पण ही चूक आपल्या वाडीत रोज घडते. माझी होडी उशिरा सुटली तर इंजिन नडलं, दुसऱ्याची उशिरा सुटली तर तो झोपाळू. तुमचा मुलगा धक्क्यावरून परत फिरला ते सगळ्यांनी पाहिलं. ती पंधरा-वीस मिनिटं काळ्या पाण्यात त्याने काय पाहिलं, ते कोणीच पाहिलेलं नाही.

आता त्या पंधरा-वीस मिनिटांनी नेमकं काय केलं ते सांगते. यासाठी मला रशियातली एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती पाण्याचीच आहे.

इव्हान पावलोव्ह हे पचनावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. त्यासाठी त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या कुत्र्यांची गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते: खाण्याच्या आधी दरवेळी एखादा आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र आल्या की शरीर त्यांची गाठ मारतं. याला अभिसंधान म्हणतात. पण शाळेत न सांगितलेला भाग पुढे आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खोल्यांमध्ये पाणी शिरलं आणि चढत गेलं. पिंजऱ्यांची दारं खाली होती, म्हणून माणसांना त्या कुत्र्यांची डोकी पाण्याखाली दाबून त्यांना बाहेर ओढावं लागलं. कुत्रे वाचले. पण काहींच्या बाबतीत महिनोन्महिने शिकवलेलं सगळं विस्कटून गेलं. पुढे एक कुत्रा बराचसा सावरला होता. त्याच्या खोलीच्या दाराखालून मुद्दाम पाण्याचा बारीकसा ओघळ सोडला, तर तो पुन्हा तसाच कोलमडला. ओघळच होता तो, पूर नव्हता. कोणी बुडत नव्हतं. पण त्याच्या शरीराने पाण्याची आणि मरणाची गाठ एकदा मारली होती.

तुमच्या मुलाचं तेच झालंय. पावलोव्हच्या आवाजाला गाठ बसायला पुष्कळ वेळा लागल्या. मरणाच्या भीतीला एकदाच पुरतं. आणि ती गाठ नुसत्या समुद्राशी बसत नाही, त्या रात्री आजूबाजूला जे जे होतं त्या सगळ्याशी बसते. डिझेलचा वास, इंजिनची धडधड, भिजलेल्या दोराचा हाताला लागणारा काच, वाऱ्याची दिशा, कदाचित तुमचा ओरडण्याचा आवाजसुद्धा. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, पण नोंद घ्या. घरी कोणी पंप सुरू केला तर तो उठून जातो का, एवढं फक्त लक्ष ठेवा. तो का उठला हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. ही गाठ विचार करून बसलेली नाही, म्हणून नुसतं समजावून ती सुटत नाही.

तरी तुम्ही म्हणाल, दोन वर्षं झाली. काळाने जखम भरते, मग ही का भरली नाही? मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

मी वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीत वाढले. सातवीत असताना श्रावणात आमच्या वहाळावरच्या साकवावरून पाय घसरला आणि मी खाली पडले. गुडघ्याएवढं पाणी होतं, काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला वरच्या रस्त्याने जायला लागले. अर्ध्या तासाचा फेरा पडायचा. रोज सकाळी घरातून निघताना छाती धडधडायची, आणि वरच्या रस्त्याला वळले की हुश्श व्हायचं. दसऱ्याला वहाळ सुकून दगड वर आले तरी मी वरूनच जात होते. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की वरच्या रस्त्याला मैत्रीण भेटते. ते खोटंही नव्हतं.

त्या "हुश्श"मध्ये सगळं आहे. ज्या कृतीमागोमाग सुख मिळतं ती कृती पक्की होते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखवलं. मांजर धडपडता धडपडता खिटी दाबतं, दार उघडतं, बाहेर मासा मिळतो, आणि पुढच्या वेळी खिटी लवकर दाबली जाते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी यातला एक बारकावा उलगडला. बक्षीस म्हणजे दरवेळी काहीतरी हातात पडायलाच हवं असं नाही. त्रास थांबला तरी तेही बक्षीसच. त्याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि पुष्कळ लोक त्याचा अर्थ शिक्षा असा घेतात, तो चुकीचा आहे. पायात रुतलेला काटा निघाल्यावर जो आराम पडतो, तो ऋण प्रबलनाचा. तुमचा मुलगा पहाटे धक्क्याकडे निघतो तेव्हा त्याची भीती चढत असते. "आज नको" म्हणून तो मागे फिरतो आणि त्याच क्षणी भीती खाली येते. शरीर त्यातून दोन गोष्टी शिकतं. एक, मागे फिरलं की बरं वाटतं. दुसरी त्याहून वाईट: मागे फिरलो म्हणूनच वाचलो. होडीत चढलाच नाही, तर होडीत चढून सुखरूप परत येता येतं हे त्याच्या शरीराला कळणार कधी? म्हणून टाळलेली भीती काळाने भरत नाही, ती जागच्या जागी राहते, उलट थोडी पसरते. आधी खोल पाणी, मग धक्का, आता रापणसुद्धा. रापण तर वाळूवर उभं राहून ओढायची, तरी तो येत नाही. हा पसारा थांबवायला हवा, म्हणून आताच लिहिलंत ते बरं केलंत.

आता तुम्ही आणि घरच्यांनी जे जे केलंत ते या उजेडात बघा.

चार माणसांत लाज काढली. त्याने धक्क्याच्या भीतीवर आणखी एक भीती चढली, माणसांची. आता त्याला दर्या आणि वाडी दोन्ही टाळायची आहेत. संध्याकाळचा वास त्यातूनच येतोय असा माझा अंदाज आहे, कारण दारू तेच करते जे मागे फिरणं करतं: घटकाभर हुश्श. याबद्दल भांडू नका, पण कानाडोळाही करू नका. आणि कोणी "दोन पेग मारून बसव होडीत" असा सल्ला दिला तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. दारू पिऊन पाण्यावर जाणं जिवावरचं आहे, आणि त्यातून शरीर शिकतं ते एवढंच की दारूशिवाय दर्या जमत नाही.

मोबाईलचं आमिष वाया जाणारच होतं. ज्याला वाटतंय की आपण मरू, त्याला कुठल्या किमतीचा मोबाईल पुरेल? त्याची नाही म्हणण्याची लाज तेवढी वाढली.

त्याच्या आईने काय केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला चित्र दिसतं. बहुतेक घरांत आई म्हणते, "रवांदे, तेका बरां नाय." पेज करून देते, पांघरूण घालते. त्यात माया आहे. पण नकळत तीही मागे फिरण्याला दाम देते. तिला दोष देऊ नका, तिला हे पत्र वाचून दाखवा. पोट दुखेल तेव्हा जवळ बसावं, पाठीवरून हात फिरवावा, आणि मग म्हणावं, "चल, मी येतंय तुझ्यावांगडा वाळूपर्यंत." मायाही राहील आणि पाऊलही पुढे पडेल.

तुमच्या भावाला मात्र ठामपणे नाही म्हणा. उचलून होडीत घातलं आणि तो ओरडत, ओकत किनाऱ्याला परत आला, तर शरीर शिकेल की भीती खरीच होती, वर आपल्या माणसांवरही भरवसा नाही. भीतीला सामोरं जाणं हाच इलाज आहे हे तुमच्या भावाचं बरोबर. पण ते सामोरं जाणं त्याच्या मर्जीने, त्याला ठाऊक असताना आणि पायरीपायरीने व्हायला हवं.

गाऱ्हाण्याबद्दल विचारलंय. देवीकडे गाऱ्हाणं घालण्याला माझी काहीच हरकत नाही. त्याने घरच्यांना धीर येतो, आणि धीर आलेल्या घरात मुलगाही लवकर सावरतो. पण बाहेरचं काही नाही. कोणी केलंय, कोणी लावलंय असं म्हणत शेजाऱ्यापाजाऱ्यात माणूस शोधत बसू नका. त्याने भांडणं वाढतील आणि मुलाला वाटेल की आपल्या हातात काहीच नाही. त्याच्या हातात पुष्कळ आहे.

आता करायचं काय.

पहिलं, डॉक्टर. तो रात्री ओरडत उठतो, दोन वर्षं झाली, पिणं सुरू झालंय. हे तिन्ही एकत्र असताना मी नुसत्या पत्रावर त्याला सोडणार नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला महिन्याहून जास्त काळ अशी स्वप्नं पडत राहिली, तो त्या जागा टाळत राहिला, तर त्या अवस्थेला आघातानंतरचा ताण म्हणतात आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. ओरोसच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. लगेच जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याने एकट्याने फोन केला तरी चालेल, तुम्ही आधी केलात तरी चालेल. आणि कधी तो "जगून काय करू" अशा अर्थाचं काही बोलला, तर वाट बघू नका, त्याला एकटा सोडू नका, त्याच दिवशी न्या. खाली जी पायऱ्यांची वाट सांगते, ती तिथल्या माणसाला दाखवून, त्याच्या सल्ल्याने चाला.

ही वाट जुनी आणि तपासलेली आहे. लेनिनग्राडला पूर आला त्याच वर्षी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या एका लहानग्याची हकिगत लिहिली. तीन वर्षांचाही नव्हता तो. सशाला घाबरायचा, आणि सशासारखं मऊ-पांढरं काहीही दिसलं, अगदी कापूस जरी, तरी घाबरायचा. त्यांनी त्याला त्याचा आवडता खाऊ देऊन बसवलं आणि ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवला. रोज थोडा जवळ आणला. सशाला न घाबरणारी मुलंही त्याच्याबरोबर खेळायला ठेवली. मध्ये तो आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवलं, तेव्हा भीती उसळून परत आली. त्यांनी पुन्हा लांबून सुरुवात केली. शेवटी पीटर एका हाताने खात होता आणि दुसऱ्या हाताने सशाला कुरवाळत होता. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी मोठ्या माणसांसाठी याची रीतसर पद्धत मांडली: भीतीची उतरंड रचायची, सगळ्यात लहान मडकं वर, सगळ्यात मोठं तळाला, आणि वरून एकेक उचलायचं.

तुमच्या मुलाची उतरंड त्यालाच रचू द्या. दहापैकी किती भीती, असं त्याला विचारा. नंबर तो देईल, तुम्ही घासाघीस करायची नाही. मी अंदाजाने सांगते, चुकलं तर तो सुधारेल. घराच्या पडवीत डिझेलचा डबा उघडा ठेवून जाळं विणायचं, दोन असेल. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीत बसून चहा प्यायचा, तीन असेल. मग रापण. तुमच्या गावात ती अजून लागते हे मला फार मोलाचं वाटतं, कारण दर्या आणि जमीन यांच्या मधोमध उभं राहण्याची अशी दुसरी जागा नाही. पाय वाळूत, हातात दोर, दोन्ही बाजूंना ओळखीची माणसं, सगळ्यांचा एकच ठेका, आणि समोर पाणी. पहिल्या दिवशी नुसतं माडाखाली उभं राहून बघावं. मग मासे वेचायला यावं. मग दोराच्या अगदी मागच्या टोकाला. मग एकेक माणूस पुढे, घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत. भिजलेला दोर पुन्हा हाताला लागेल, पण या वेळी त्याच्या दुसऱ्या टोकाला बांगडा असेल.

त्यानंतर कर्लीची खाडी. देवबागच्या आतल्या अंगाला पाणी शांत असतं, दोन्ही काठ दिसतात. नांगरलेल्या होडीत बसणं, मग वल्ह्याने पलीकडे जाऊन येणं. मग मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी प्रवाशांची होडी. काही मिनिटांचंच अंतर, लायफ जॅकेट, दिवसाढवळ्या, आजूबाजूला सेल्फी काढणारे पर्यटक. तिथे त्याला काम करायचं नाही, नुसतं बसायचंय. मग तुमची होडी, दिवसा, दोन वाव, म्हणजे उथळ पाण्यात. रात्र आणि खोल पाणी सगळ्यात शेवटी, आणि तेही त्याला हवं असेल तर.

दोन गोष्टी सांभाळा. भीती टिपेला असताना उतरायचं नाही. उतरला तर पुन्हा तेच, "उतरलो म्हणून वाचलो." तिथेच थांबायचं, सावकाश श्वास सोडायचा, ती ओसरू द्यायची. बहुतेक वेळा ती ओसरते. पूर्ण गेली नाही तरी चालेल. जे होईल म्हणून तो घाबरत होता ते झालं नाही, हे शरीराला दिसणं महत्त्वाचं. आणि एवढं थांबणं जमणार नाही असं दिसलं, तर पायरी मोठी झाली आहे असं समजायचं आणि मधली एखादी शोधायची. दुसरी गोष्ट, पहिल्या काही पायऱ्यांना त्याच्यासोबत तुम्ही नको. पीटरसोबत न घाबरणारी मुलं होती, चिडलेली नव्हेत. एखादा शांत मामा, बरोबरीचा मित्र, रापणीतला कोणी वयस्क माणूस बघा. तुम्ही लांब राहा, पण दिसत राहा.

किती दिवस लागतील? सांगता येत नाही. काहींना आठवडे, काहींना महिने. आता पाऊस सरतोय, पुढचे काही महिने दर्या निवळत जाईल, म्हणजे काळ अनुकूल आहे. एका गोष्टीची आधीच कल्पना देते. मे महिन्यापर्यंत तो छान सावरला तरी बंदीनंतर ऑगस्टात पोट पुन्हा दुखू शकतं. पावलोव्हच्या कुत्र्यांतही हे दिसलं होतं: विझलेली सवय थोड्या विश्रांतीनंतर आपोआप डोकं वर काढते. तेव्हा "गेलं सगळं पाण्यात" म्हणू नका. दुसऱ्या वेळी ती लवकर उतरते. उतरंडीचं वरचं मडकं पुन्हा उचलायचं, एवढंच.

आणि असंही होईल की तो सगळ्या पायऱ्या चढेल, निवांत होडीत बसेल, आणि मग सांगेल, "बाबा, माका ह्यो धंदो करूचो नाय." तेव्हा त्याचं ऐका. दर्यात जाता न येणं वेगळं आणि जायचं नाही असं ठरवणं वेगळं. आज त्याच्याकडे ठरवायला जागाच नाही, भीतीच ठरवते. ती जागा त्याला परत मिळवून देणं एवढंच आपलं काम. पुढे तो जाळी विणेल, इंजिनं दुरुस्त करेल, किंवा तुमच्या जागी तांडेल होईल.

शेवटचं तुमच्याबद्दल लिहायचं आहे. लिहू की नको असा विचार केला, आणि लिहायचं ठरवलं.

एवढ्या लांब पत्रात एक वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेलात. "त्या रात्री निघायचं मीच ठरवलं होतं, आभाळ तसं बरं नव्हतं." लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं की एकमेकींशी न पटणाऱ्या दोन गोष्टी मनात एकत्र राहिल्या की माणसाला ते सोसवत नाही, आणि तो त्यातली जी वाकवता येईल ती वाकवतो. मी जाणता तांडेल आहे, ही एक. माझ्या निर्णयाने माझा झील बुडता बुडता वाचला, ही दुसरी. या दोन्ही एकाच छातीत घेऊन दोन वर्षं झोपणं फार अवघड असलं पाहिजे. मुलगा आळशी आहे, भित्रा आहे, असं मानलं तर ते ओझं थोडं हलकं होतं. तुम्ही हे जाणूनबुजून केलंत असं मला अजिबात वाटत नाही. तुम्हीही त्या रात्री त्याच अंधारात होता. तो पाण्यात होता आणि तुम्ही होडीवरून हाका मारत होता. त्या पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या शरीरानेही काहीतरी गाठ मारली असणार. तुमच्यावर राग धरून बसलेला माणूस कदाचित तुमचा मुलगा नाही, तुम्ही स्वतःच आहात. ओरोसला जाल तेव्हा डॉक्टरांशी दहा मिनिटं स्वतःसाठीही बोला.

मी त्याच्याशी काय बोलू, असं तुम्ही विचारलंत. दर्याबद्दल, कामाबद्दल, वाडीतल्या बोलण्याबद्दल सध्या काही बोलू नका. तो जाळं विणत असेल तेव्हा शेजारी बसा, एक टोक हातात घ्या. मान वर करायची गरज नाही, त्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. आणि सांगा, "त्या रातीक मी निघाक नको होतंय. तू दिसानास, तेवा माझो जीव रवलो नाय." मग गप्प राहा. तो उत्तर देईल, न देईल, उठून जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसा.